नुसते हात

शिरूरला मावशीच्या घरात मी बरीच वर्षं शिंपीण होते. वास्तविक मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नाही. पण मावशीनं नव्या सुनेला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "ही माझी भाची. मुंबईला कपड्याचं काम करती." मी हातात चहाचा कप धरून मान हलवली आणि शिंपीण झाले.

सून मोठी सरळ बाई. इंग्रजी शाळेत शिकवते, स्कूटीवर जाते, आणि जे ऐकते त्यावर विश्वास ठेवते. पुढच्या खेपेला तिनं माझ्यासमोर दोन ब्लाउज ठेवले. "ताई, बाह्या जरा सैल करून आणाल का? इथले टेलर बिघडवतात." मी ते मुंबईला नेले आणि आमच्या सिनेमाच्या युनिटच्या ड्रेसदादाच्या हातापाया पडून करून घेतले. नायिकांचे ब्लाउज शिवणारा माणूस तो, फिटिंग असं बसलं की त्याच्या पुढच्या वेळी शेजारणींचेही आले. एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अठरा झगे आले. ड्रेसदादा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही डान्स सोडून दुकान काढलंत का?"

मी डान्स करत होते आणि मावशीही एके काळी करत होती, हे त्या घरात सांगायचं नव्हतं. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

वरवंडच्या अलीकडं हायवेला एक थिएटर होतं. थिएटर म्हणजे सिनेमाचं नाही, आमचं, बारीचं. ढोलकी, पेटी, गाणारी बाई आणि आम्ही नाचणाऱ्या. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. उभं राहून नाचणाऱ्या तिच्यापेक्षा तयारीच्या कितीतरी होत्या, हे तीही मान्य करायची. पण बैठकीच्या लावणीत ती सगळ्यांच्या पुढं. या लावणीत उठायचं नाही. मांडी घालून बसायचं आणि जे सांगायचं ते चेहऱ्यानं आणि हातांनी सांगायचं. गाणारी एकच ओळ पुन्हापुन्हा घेते आणि दर वेळी अदा वेगळी हवी. समजा ओळ आहे, 'येतो म्हणून गेला'. पहिल्यांदा मावशीच्या हातात तक्रार असायची. दुसऱ्यांदा, येतो म्हणणारे सगळे असेच. तिसऱ्यांदा, आला होता मेला, मीच दार उघडलं नाही. ओळ संपत नसे आणि मावशीही संपत नसे. एकदा केलेली अदा त्याच बैठकीत परत केली तर पेटीवालाच नाक मुरडायचा.

नाच मी तिच्याकडं शिकले आणि सिनेमाही तिनंच दाखवला. सुट्टीच्या दिवशी ती मला एसटीनं दौंडला न्यायची, मॅटिनीला. पडद्यावरची बाई पिवळ्या साडीत डोंगरावर फिरकी घ्यायला लागायची आणि निळ्या साडीत बागेत ती फिरकी पुरी करायची. माझा जीव त्या साडीत अडकायचा. आमच्याकडं साडी बदलायची तर ढोलकीवाल्याला एकट्याला वाजवत ठेवून मागच्या खोलीत पळावं लागे, आणि पिना तोंडात धरून परत यावं लागे. मी मावशीला विचारलं, "ही इतक्या लवकर कुठं बदलती?"

मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिचा ढोलकीवाला लय चांगला असंल."

पुढं मी त्याच धंद्यात शिरले, तेव्हा कळलं की त्या ढोलकीवाल्याला एडिटर म्हणतात.

मावशीनं थिएटर सोडलं ते लग्न करून. कवठे येमाईचा एक माणूस होता. स्वतःचा टेम्पो होता, कांदा वाहायचा. बायको वारलेली, पदरात लहान मुलगा. बोलायला अगदी कमी. त्यानं तिला रीतसर घरी नेलं आणि गावाला सांगितलं, बार्शीकडची आहे. बार्शीकडं कोण चौकशीला जातंय? पुढं मुलाच्या शाळेसाठी ते शिरूरला येऊन राहिले. मुलगा तिला पहिल्या दिवसापासून आई म्हणायला लागला आणि मावशीनं त्या एका हाकेसाठी सगळं मागं टाकलं. पायातले चाळ माझ्या हवाली केले, गाणं गुणगुणणंसुद्धा सोडलं. भिशीत गेली, हळदीकुंकवाला गेली, भजनाला गेली. भजनात टाळ मात्र मागून घेतले. टाळ धरले की हात गुंततात, ती म्हणायची, नाहीतर ते आपलेआप काहीतरी करायला लागतात.

तिचा नवरा गेला आणि खरं माहीत असणाऱ्या आम्ही दोघीच उरलो.

माझं म्हणाल, तर मी सिनेमात गेले ते आगाऊपणामुळं. आमच्या थिएटरच्या अंगणात एकदा गाण्याचं शूटिंग आलं. नायिका पुढं, आम्ही मागं ओळीत. तिचा पाय सारखा चुकीच्या मात्रेवर पडत होता आणि आम्ही उन्हात पुन्हापुन्हा नाचत होतो. शेवटी मी ओळीतून पुढं गेले, तिचा घोटा धरला आणि पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं. मला वाटलं, आता हाकलतात. डान्स मास्टर म्हणाले, "मुंबईला येतेस का?"

मुंबईत आधी मागच्या ओळीच्या टोकाला नाचले. मग मधे आले, मग पुढे. मग असिस्टंट झाले. असिस्टंटचं काम असं की कॅमेऱ्याच्या खाली उभं राहून नाचायचं, म्हणजे नायिकेला आपल्याकडं बघून करता येतं. किती गाण्यांत नायिका लाजून ज्याच्याकडं बघते आणि प्रेक्षक घायाळ होतात, तिथं प्रत्यक्षात मी उभी आहे. ट्रॅकपँट, गळ्यात टॉवेल, घामानं निथळलेली. मग मी स्वतः गाणी बसवायला लागले. गाण्यांच्या मधे जी गोष्ट येते ती मला कायम अडचण वाटायची. मारामारी, गैरसमज, आजारी वडील. म्हणून मी ठरवलं की आपण आपला एक सिनेमा करायचा आणि त्यात जे काय घडायचं ते गाण्यातच घडेल.

निर्माता मिळाला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान आहे. पण व्हिलन कधी येतो?"

गोष्ट साधी होती. एक थकलेली बाई एका पोरीला बैठकीची लावणी शिकवते. ती बाई म्हणजे मावशी, हे मी लिहितानाच ठरवलेलं. मी शिरूरला गेले. सून शाळेत, मुलगा रांजणगावला कंपनीत पहिल्या पाळीला. मावशी शेंगा फोडत बसली होती. मी मनातलं बोलले.

"तुला काय येड लागलंय?" मावशी म्हणाली.

मी म्हणाले, जमाना बदललाय. आता मोठमोठ्या घरच्या मुली क्लास लावून लावणी शिकतात.

"शिकत्यात. पर त्यांना कुणी म्हणतं का, तुमची आई बारीत नाचत व्हती?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "हे बघ. हे पोरगं माझ्या पोटचं न्हाई. ज्यानं आणलं त्यो माणूस गेला. आता हे दोघं मला आई म्हणत्यात म्हणून मी हितं हाय. उद्या त्यांना कळलं आन् ते म्हणले, आमाला फसवलंस, तर मी कुठल्या नात्यानं ऱ्हाऊ? मला ह्या वयात दुसरं घर मिळायचं न्हाई."

मला वाईट वाटलं, आणि तिला विचारायला आल्याची लाजही वाटली. मी उठले. चपला घालत होते, तेव्हा ती आतून म्हणाली, "मग आता कुणाला घेणार?"

मी पुण्याच्या एका अभिनेत्रीचं नाव सांगितलं. नाटकातली, नावाजलेली. तिच्या तालमीचा व्हिडिओ माझ्या फोनवर होता. मावशीनं चष्मा लावला. एकदा बघितला. परत लाव म्हणाली. परत बघितला.

"ही अदा करतीय का हात धुतीय?"

इतक्या वर्षांत असिस्टंट म्हणून एवढं शिकले होते की कलाकार स्वतःहून पुढं सरकत असेल तर आपण बोलू नये. मावशीनं तिसऱ्यांदा व्हिडिओ बघितला. मग फोन पालथा ठेवला.

"तोंड दिसता कामा नये," ती म्हणाली. "आवाज न्हाई, नाव न्हाई. नुसतं हात."

शूटिंग पाटसजवळ एका रिकाम्या गोडाऊनमध्ये लावलं. गळीत हंगाम चालू, कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर दिवसभर गाणी वाजवत जायचे. घरी काय सांगितलं होतं? भाचीला लग्नाची मोठी ऑर्डर आहे, बटणं लावायला चालले. सुनेनं डब्यात दशम्या दिल्या, ताईंनाही द्या म्हणाली. त्या दशम्या मी खाल्ल्या, पण गिळताना जरा जड गेल्या.

मावशी बसली. अंगावर हिरवी नऊवारी, मनगटात काकणं. कॅमेरा गळ्याखाली. गाणं लागलं आणि तिनं हात उचलले. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत विसरली असेल, निदान अडखळेल. अख्ख्या ओळीत हात कुठंच अडखळले नाहीत. तेवढ्यात वर बसलेला बिहारी लाइटमन न राहवून म्हणाला, "क्या बात है!" आणि मावशीचा उजवा हात अदा अर्धवट सोडून कपाळाकडं गेला. बारीत दाद आली की त्या दिशेला सलाम करायची पद्धत. दाद कुठून आली हे बघून तिनं चक्क छताला सलाम केला.

"कट," मी म्हणाले. "मावशी, इथं सलाम करायचा नसतो."

"मग त्यानं वाहवा कशापायी केली?"

लाइटमनला गप्प बसवलं. पुन्हा गाणं लागलं आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. सिनेमात एकच गोष्ट पुन्हापुन्हा करावी लागते. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा बाजूनं. सगळ्यात हात तसाच उठला पाहिजे, तरच तुकडे जोडता येतात. मावशीनं लांबून एक केलं आणि जवळून दुसरंच. बाजूनं तिसरं. कंटिन्युइटी बघणारी मुलगी रडकुंडीला आली. "आजी, मघाशी या शब्दाला डावा हात होता."

"मघाशीचं मघाशी झालं की."

"पण तेच परत करायचंय."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला भलतंच काही करायला सांगते आहे. "केलेली अदा परत करायची म्हंजी उष्टं वाढायचं. आसं करत्यात व्हय तुझ्याकडं?"

तिला जमत नव्हतं असं नाही. तिनं प्रयत्न केला. पण हात निघाले की तेच रस्ता बदलत. दुपार झाली. निर्मात्याचा माणूस येऊन घड्याळ दाखवून गेला. कॅमेरामन म्हणाला, एक काम करू, पुण्याच्या बाईंना बोलवू, त्या नीट रिपीट करतात.

मी बाहेर गेले. माझं अख्खं आयुष्य तुकडे जोडण्यात गेलं होतं. आत बसलेल्या बाईचे तुकडे होत नव्हते. परत आत गेले आणि म्हणाले, गाणं तोडायचं नाही. कॅमेरा समोर लावा, गाणं लावा, संपेपर्यंत कुणी हलायचं नाही.

"अख्खं गाणं? नुसते हात?" कॅमेरामन म्हणाला. "मॅडम, पब्लिक वडापाव आणायला जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले.

ते एका दमात झालं. शेवटच्या ओळीला मावशीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, कुणी दाद दिलेली नसताना उजवा हात वर नेऊन सलाम केला. मी कट म्हणायची विसरले. मॉनिटरसमोर बसून मी रडत होते आणि लाइटमन खाली उतरून माझ्याकडं बघत होता, आता वाहवा म्हणायची परवानगी आहे का म्हणून.

सिनेमा लागला. तो लागायच्या आधीच माझी शिलाई उसवली. कुठल्याशा चॅनेलला मी मुलाखत दिली आणि ती सुनेच्या मोबाइलवर पोचली. तिचा मला फोन आला. "ताई, तुम्ही तर डायरेक्टर निघालात! आणि आधी डान्सर होतात? आईंनी कधी सांगितलंच नाही." मागून मावशीचा आवाज ऐकू आला, "आगं, कपड्यातनंच गेली ती शिनेमात." सुनेनं त्यावरही विश्वास ठेवला असावा, कारण तिनं लगेच विचारलं, माझे ते निळे ब्लाउज मग कुणी शिवले?

सून नुसतं कौतुक करून थांबणारी नव्हती. तिनं सगळी भिशी गोळा केली आणि शिरूरच्या थिएटरात दोन रांगा धरल्या. मावशीनं पाय दुखतात म्हणून बघितलं, उपवास आहे म्हणून बघितलं. काही चाललं नाही. मग मला फोन केला. "तू ये. मी एकटी बसणार न्हाई."

मी मावशीच्या डाव्या हाताला बसले, सून उजव्या हाताला. मागच्या रांगेत भिशी, त्यांच्या मांडीवर चिवड्याच्या पिशव्या. ते गाणं मध्यंतराच्या अगदी आधी होतं. मावशीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मी डायरेक्टर म्हणून पडद्याकडं बघायला हवं होतं, पण मी सुनेकडं बघत होते. माझा सिनेमा पडला असता तरी मी दुसरा केला असता. मावशीचं काय?

पडद्यावर हात उठले. थिएटर आधी कुजबुजलं, पण वडापाव आणायला कुणी गेलं नाही. ओळ चौथ्यांदा आली तेव्हा मागून कुणा म्हाताऱ्यानं जोरात "व्हय!" म्हटलं. शेवटी पडद्यावरच्या हातानं सलाम केला तेव्हा लोक असे ओरडले की जणू तो त्यांनाच केला होता. आणि दिवे लागले.

सून पडद्याकडंच बघत होती. मग तिनं हळूच मावशीचा पदर बाजूला केला आणि तिचे हात बघितले.

"आई, हे तुमचे हात आहेत," ती म्हणाली.

"कायतरीच," मावशी म्हणाली. "बार्शीकडं आसलं हात लय जणींना असत्यात."

"लग्न होऊन आल्यापासून या हातची भाकरी खाते मी. थापताना तुमची करंगळी अशीच वर जाते. मला सिनेमातलं कळत नाही, हात कळतात. आणि हे असं एका दिवसात शिकून येत नाही."

मावशीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, कुणाकडंच नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं, बहुतेक सगळंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, तर सुनेनं मला हातानंच थांबवलं.

"यांना मी सांगते घरी गेल्यावर," ती मावशीला म्हणाली. "त्यांना काय वाटेल त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही आमच्या आई आहात, त्यात काय बदललंय?"

एवढं बोलून ती गप्प बसली असती तरी पुष्कळ होतं. पण ती शाळामास्तरीण. ती खुर्चीत मागं वळली आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो काकू, ते हात आमच्या आईंचे होते बरं का."

मागच्या रांगेतला चिवडा थांबला. भिशीतल्या सगळ्या बायका मावशीकडं बघायला लागल्या. त्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी चष्मा वर केला.

"व्हय?" त्या म्हणाल्या. "मग तोंड का न्हाई दावलं?"

मावशीनं सुनेकडं बघितलं. मग काकूंकडं. मग पदर सावरला, पाठ ताठ केली आणि माझ्याकडं बोट केलं.

"मी तयार व्हते. हीच न्हाई म्हणली."

"आगं बाई," काकू मला म्हणाल्या, "एवढी देखणी बाई घेतलीस आन् नुसतं हात?"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

मध्यंतर संपलं, दिवे गेले. उरलेला अर्धा सिनेमा आमच्या मागच्या रांगेनं बघितलाच नाही. सगळ्या पुढं वाकून मावशीचं तोंड बघत बसल्या होत्या.